हॉर्न देणे आणि हॉर्न मारणे

मराठीत हॉर्न 'देतात' आणि हॉर्न 'मारतात'ही. घाटातल्या आंधळ्या वळणावर एसटीचा ड्रायव्हर हॉर्न देतो. समोरून कोणी येत असेल तर त्याने सावध व्हावं, एवढाच त्याचा अर्थ. सिग्नल हिरवा होतो न होतो तोच मागचा माणूस हॉर्न मारतो. यंत्र तेच, बटण तेच, अंगठाही तोच. पण एकात समोरच्याला काहीतरी मिळतं आणि दुसऱ्यात त्याला काहीतरी लागतं.

नोव्हायमध्ये यातलं पहिलं क्रियापद जवळजवळ वापरातून गेलं आहे. संध्याकाळी पाच वाजता ग्रँड रिव्हरवर किंवा नोव्हाय रोडवर गाड्यांची भलीमोठी रांग लागते, पण ती मुकी असते. देशातून आलेल्या आईवडिलांना पहिल्या आठवड्यात मॉलपेक्षा याचंच जास्त नवल वाटतं. नव्याने आलेल्याला आपणच बजावतो, "इथे हॉर्न वाजवू नकोस, शिवी दिल्यासारखं होतं." मिशिगनचा कायदा मात्र असं म्हणत नाही. हॉर्न निदान २०० फुटांवर ऐकू गेला पाहिजे, पण तो अवाजवी मोठा किंवा कर्कश नसावा, आणि सुरक्षिततेसाठी गरज असेल तेव्हा चालकाने तो वाजवलाच पाहिजे, एरवी वाजवू नये, असं त्यात आहे. म्हणजे कायद्याच्या लेखी हॉर्न देणं हे कर्तव्य आहे. आपण इथे आल्यावर फक्त त्याची मनाई तेवढी शिकलो.

आमच्या ओळखीतल्या एकाने चाळिशी उलटल्यावर मोटरसायकल घेतली. मिशिगनमध्ये ती चालवायला मिळते वर्षाचे सहा-सात महिने, बाकी गॅरेजमध्ये झाकून ठेवायची. मे महिन्यात एका प्रचंड एसयूव्हीने शेजारच्या लेनमधून सरळ त्याच्या अंगावर यायला सुरुवात केली. त्याने हॉर्न दाबला. खेळण्यातल्या गाडीसारखा 'पीं' आवाज आला, चालकबाईंनी मानही वळवली नाही. हा ब्रेक मारून वाचला. त्या रात्री त्याने १२० डेसिबलचा दावा करणारा एअर हॉर्न मागवला. पुढच्या शनिवारी पॉटलकला त्यावर जेवण थंड होईपर्यंत वाद झाला. इथे निम्मे लोक गाड्यांच्या धंद्यात, त्यामुळे बराच वेळ चर्चा रिले आणि फ्यूजचीच चालली. मूळ हॉर्नला दोन-चार अँपिअर पुरतात, याला वीसच्या आसपास लागतात, तेव्हा बॅटरीपासून वेगळी जाड तार ओढायला हवी, वगैरे. शेवटी कोणीतरी विचारलं, "पण फुटपाथवर उभ्या असलेल्या माणसाचं काय?" त्यावर विषय बदलला. माझ्या मते खरा प्रश्न तिथे सुरू होत होता.

त्याची बाजू आधी नीट मांडायला हवी, कारण ती हलकी नाही. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालासाठी हॅरी हर्ट आणि त्यांच्या साउदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या सहकाऱ्यांनी लॉस एंजेलिस परिसरातल्या ९०० मोटरसायकल अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली होती. दुसऱ्या गाडीशी झालेल्या टकरींत मुख्य कारण निघालं ते असं की मोटारवाल्याला मोटरसायकल दिसलीच नाही, किंवा दिसली तेव्हा उशीर झाला होता. दोन चाकांवरचा माणूस मोटारवाल्याच्या नजरेत मोजलाच जात नाही. अशा माणसाने 'मी इथे आहे' एवढं ओरडून सांगितलं तर त्यात उद्धटपणा कुठला?

पण त्याच अहवालात आणखी एक गोष्ट आहे. अपघात टाळण्यासाठी स्वाराच्या हातात साधारणपणे दोन सेकंदांहूनही कमी वेळ असतो. त्या दोन सेकंदांत हातपाय ब्रेकवर आणि क्लचवर हवेत, डोळे निसटायच्या वाटेवर. अंगठा हॉर्नवर गेला आणि मन 'आता तो थांबेल' या आशेवर विसंबलं, की स्वतः थांबायचं काम आपण दुसऱ्यावर सोपवलं. "हॉर्न दिला होता ना!" हे वाक्य आपण देशात अपघातानंतरच्या गर्दीत किती वेळा ऐकलंय. मोठ्या हॉर्नची पहिली भीती मला हीच वाटते. तो कानांना जेवढा त्रास देतो त्याहून जास्त तो जबाबदारी एका अंगावरून दुसऱ्या अंगावर ढकलतो.

आता त्या एसयूव्हीतल्या बाईंकडे पाहू. त्यांना ऐकू का आलं नाही? डेट्रॉईटच्या परिसरात एनव्हीएच नावाचं एक आख्खं शास्त्र नांदतं. गाडीतला आवाज, कंपनं आणि खडखडाट घालवणं हे त्याचं काम. जाड काचा, दारांची दुहेरी रबरं, कार्पेटखालची आवाज पिणारी अस्तरं, या सगळ्यावर हुशार माणसं आयुष्य घालवतात आणि त्यांत मराठी आडनावं काही कमी नाहीत. ते काम मी कमी लेखत नाही. पण त्याचा परिणाम असा की शांतता ही विकत घेण्याची वस्तू झाली. जो आत बसतो त्याने ती घेतली, आणि जो बाहेर आहे त्याला आता पूर्वीपेक्षा मोठ्याने ओरडावं लागतं. मित्राचा हॉर्न आवाजाच्या हौसेतून आलेला नाही, तो त्या बंद काचांना दिलेलं उत्तर आहे.

फक्त हे उत्तर काचेपाशी थांबत नाही. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने उतरतो. एका मीटरवर १२० असलेला आवाज ६४ मीटरवर, म्हणजे कायद्यातल्या त्या २०० फुटांच्या आसपास, ८४ उरतो आणि बंद गाडीच्या आत त्याहून बराच कमी. पण चार मीटरवर, जिथे एखादी बाई बाबागाडी घेऊन रस्ता ओलांडायला उभी असते, तिथे तो १०८ असतो. (डबीवर १२० लिहिलेलं असतं, किती अंतरावर हे बहुधा नसतं.) आणि खुद्द स्वार? महामार्गावर हेल्मेटच्या आत नुसत्या वाऱ्याचा आवाजच शंभर डेसिबलच्या घरात जातो, म्हणून जाणते स्वार कानात बोळे घालतात. आमचा मित्रही घालतो. म्हणजे वाजवणाऱ्याच्या कानात बोळे, ज्याच्यासाठी वाजवायचा तो काचेच्या आत, आणि उघडे कान फक्त त्या तिसऱ्याचे, ज्याचा या भांडणाशी काही संबंध नाही.

हा तिसरा माणूस वाढत वाढत शहराएवढा होतो तेव्हा काय होतं ते मुंबईत दिसतं. जानेवारी २०२० मध्ये मुंबई वाहतूक पोलिसांनी एक चित्रफीत प्रसिद्ध केली. काही सिग्नलना डेसिबल मोजणारं यंत्र जोडलं होतं. थांबलेल्या गाड्यांचा आवाज ८५ च्या वर गेला की लाल दिव्याचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून सुरू. आपण सगळ्यांनी ती हसत हसत एकमेकांना पाठवली. त्याआधी २०१५ मध्ये महाराष्ट्रात ट्रकच्या पाठीवरच्या 'हॉर्न ओके प्लीज'वर बंदी आली होती. वास्तविक ती ओळ हॉर्न 'देण्याच्या' काळातली असावी: मला मागचं दिसत नाही, तेव्हा पुढे जाताना सांग बाबा. २०२१ मध्ये नितीन गडकरींनी हॉर्नमधून तबला-बासरी ऐकू यावी असा विचार मांडला. कल्पना गोड आहे, पण बासरीवर दिलेली शिवीही शिवीच. तिथला प्रश्न सुराचा नाहीच. सगळेच ओरडू लागले की प्रत्येकाला आदल्यापेक्षा मोठ्याने ओरडावं लागतं, आणि शेवटी कोणाचंच ऐकू येत नाही.

नोव्हायमध्ये मित्राचा हॉर्न ऐकू जाईल तो याच कारणाने. बाकीचे गप्प आहेत. इथली शांतता ही सगळ्यांनी मिळून साठवलेली ठेव आहे, तो त्यातून काढणार आहे. जीव वाचवायला ठेवीतून काढू नये असं मी म्हणणार नाही, ठेव असते कशाला? पण ट्विन पार्किंगमधून वाकडी निघालेली गाडी, हिरव्यावर फोनमध्ये डोकं घालून बसलेला पोरगा, यांच्यासाठी काढायची नाही. आणि एकच बटण असेल तर अंगठा हा फरक करत नाही. राग आला की तो तिथेच जातो.

त्यासाठी यंत्राचीच मदत घेता येते, आणि उदाहरण घरचंच आहे. डेट्रॉईट-हॅमट्रॅमिकच्या कारखान्यात बनलेल्या शेव्हरले व्होल्टला नेहमीच्या हॉर्नशिवाय इंडिकेटरच्या दांड्याच्या टोकावर आणखी एक बटण होतं. विजेवर गुपचूप चालणाऱ्या गाडीने पायी जाणाऱ्याला दचकवू नये म्हणून त्यातून एक हलका, खाकरल्यासारखा आवाज यायचा. ते बटण हॉर्न देण्याचं होतं. विजेच्या गाड्यांनी कमी वेगात आवाज केलाच पाहिजे असा केंद्रीय कायदाही इथे २०१० मध्ये संमत झाला, आणि त्यासाठी झगडले ते अंध लोक. ज्यांना गाडी दिसत नाही त्यांच्यासाठी शांतता हाच धोका होता. म्हणजे आवाज वाईट आणि शांतता चांगली, इतकं ते सोपं नाहीच.

म्हणून मी मित्राला सांगितलं, बसव. पण जुना 'पीं' काढू नकोस, आणि नव्याला वेगळं बटण दे, असं की त्यासाठी अंगठा मुद्दाम हलवावा लागेल. त्याने एका रविवारी दुपारी तसं केलं. तार, रिले, फ्यूज सगळं नीट बसलं. मग प्रश्न आला की वाजवून कुठे बघायचा. सबडिव्हिजनमध्ये शेजारच्या घरी तान्हं बाळ, समोरच्या जपानी कुटुंबातले आजोबा अंगणात झाडांना पाणी घालत होते. तो समोर गेला, आजोबांना खुणेने आणि मोडक्या जपानीत सांगितलं की एकदाच मोठा आवाज होईल, बाळाच्या आईला मेसेज केला, तिचं "पाच मिनिटं थांबा, आत्ताच झोपलंय" असं उत्तर आलं, आणि आम्ही गॅरेजच्या दारात चहा पीत थांबलो.