रांग आणि खिसा

आरोग्यसेवेचा विषय निघाला की आपल्याकडे लगेच दोन बाजू पडतात. एकीकडे सरकारी रुग्णालयातली गर्दी, जमिनीवर टाकलेल्या गाद्या, बाहेरून आणायला सांगितलेली औषधे. दुसरीकडे खासगी रुग्णालयाची चकचकीत फरशी, दाखल करून घेण्याआधी मागितलेले डिपॉझिट आणि डिस्चार्जच्या दिवशी हातात पडणारे बिल. मग ‘सरकारी बरे की खासगी’ हा वाद सुरू होतो. परदेशांचे दाखलेही त्याच साच्यात दिले जातात. ब्रिटन म्हणजे सरकारी, अमेरिका म्हणजे खासगी, आणि आपण कुठेतरी मधे. देशोदेशीच्या व्यवस्था नीट पाहिल्या की हा वाद चुकीच्या जागी चालला आहे, हे लक्षात येते. रुग्णालय कुणाच्या मालकीचे आहे यापेक्षा रुग्णाकडून पैसे कधी घेतले जातात आणि दर कोण ठरवतो, यावर त्याचे नशीब जास्त अवलंबून असते.

जपानचेच पाहा. तिथली पाचांपैकी सुमारे चार रुग्णालये खासगी आहेत, गल्लोगल्लीचे दवाखानेही बहुतेक डॉक्टरांच्या स्वतःच्या मालकीचे आहेत, आणि रुग्णाला हव्या त्या डॉक्टरकडे जाता येते. वरवर पाहता ही बाजारपेठच वाटेल. पण १९६१ पासून तिथे प्रत्येकाला आरोग्यविम्याचे संरक्षण आहे. तपासणीपासून शस्त्रक्रियेपर्यंत प्रत्येक सेवेचा दर सरकार ठरवते आणि साधारण दर दोन वर्षांनी त्यात दुरुस्ती करते. टोकियोतल्या नामांकित रुग्णालयाला आणि खेड्यातल्या छोट्या दवाखान्याला दरपत्रक एकच. रुग्णालय चालवणाऱ्या संस्थेला नफा भागधारकांत वाटता येत नाही. रुग्ण सर्वसाधारणपणे खर्चाचा ३० टक्के वाटा भरतो, पण महिनाभरात त्याच्याकडून किती घ्यायचे याला उत्पन्नानुसार मर्यादा आहे. मालकी खासगीच राहिली, पण दर ठरवण्याचा अधिकार मालकाकडे राहिला नाही.

जर्मनीची वाट आणखी जुनी. १८८३ साली बिस्मार्कने कामगारांसाठी सक्तीचा आजारविमा आणला. त्यामागे कामगारांनी समाजवाद्यांकडे वळू नये हा राजकीय हिशेब होता, पण रचना टिकली. आज तिथले जवळपास ९० टक्के लोक सार्वजनिक विमानिधींचे सभासद आहेत. मूळ वर्गणी पगाराच्या १४.६ टक्के, अर्धी नोकरदाराची, अर्धी मालकाची. वर्गणी पगारावर ठरते, आजारावर ठरत नाही. त्यामुळे मधुमेह झाला म्हणून कुणाचा हप्ता वाढत नाही.

ब्रिटनने मात्र मालकीलाच हात घातला. तिथला आरोग्यमंत्री अन्युरिन बेव्हन हा वेल्समधल्या ट्रेडेगर गावचा, तेराव्या वर्षी कोळसा खाणीत कामाला लागलेला. त्याच्या गावात कामगारांनी पगारातून वर्गणी काढून वैद्यकीय मदतीची संस्था चालवली होती. गावाने जे केले ते देशाला करता येईल, हा विचार त्याने धरून ठेवला. ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली, रुग्णालये सरकारच्या ताब्यात आली आणि उपचार करातून होऊ लागले. त्याआधीच्या विम्यात नोकरी करणारा पुरुष असे, पण त्याची बायको आणि मुले बहुधा बाहेरच राहत. वर्षानुवर्षे अंगावर काढलेली दुखणी घेऊन बायका पहिल्यांदाच डॉक्टरांकडे येऊ लागल्या. पुढे दातांच्या कवळ्या आणि चष्म्यांसाठी शुल्क लावायचे ठरले, तेव्हा १९५१ साली बेव्हनने मंत्रिपद सोडले. उपचाराच्या दारात पैसे मागायचे नाहीत, हे त्याच्या लेखी तत्त्व होते. शुल्क छोटे आहे की मोठे, हा मुद्दा त्याच्यापुढे नव्हता.

कॅनडाने तिसराच मार्ग धरला. टॉमी डग्लस लहानपणी हाडाच्या आजाराने पाय गमावण्याच्या बेतात होता. विनिपेगमधल्या एका शल्यविशारदाने, विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी ही केस वापरता येईल म्हणून, त्याच्यावर मोफत शस्त्रक्रिया केली आणि पाय वाचला. मुलाचा पाय अशा योगायोगावर अवलंबून असू नये, हे डग्लस विसरला नाही. तो सस्कॅचवान प्रांताचा प्रमुख झाला आणि त्याने सर्वांसाठी वैद्यकीय विम्याचा पाया घातला. १ जुलै १९६२ रोजी योजना सुरू होताच डॉक्टरांनी संप पुकारला. तो २३ दिवस चालला. तडजोडीत डॉक्टर आपापल्या व्यवसायाचे मालक राहिले, बिल मात्र सरकारने भरायचे ठरले. काही वर्षांत ही पद्धत देशभर गेली. १९८४ च्या कायद्याने डॉक्टरांनी रुग्णाकडून वरचे पैसे उकळण्याची वाटही बंद केली.

एवढ्या वेगळ्या इतिहासांतून आलेल्या या देशांचे एका गोष्टीवर एकमत आहे. माणूस आजारी असताना त्याच्याशी भावाची बोलणी करायची नाहीत. अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी १९६३ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात याचे कारण मांडले. वैद्यकीय सेवेत ग्राहकाला आपल्याला काय हवे आहे हेच ठाऊक नसते आणि ते ठरवणारा विक्रेताच असतो. मंडईत भाव पटला नाही तर पुढच्या गाळ्यावर जाता येते. छातीत कळ घेऊन आलेल्या माणसाला पुढचा गाळा नसतो. म्हणून त्याच्या वतीने आधीच कुणीतरी भाव ठरवून ठेवावा लागतो.

अमेरिकेत हे झाले नाही. तिथला सरकारी वाटा लहान नाही. १९६५ पासून मेडिकेअर वृद्धांची आणि मेडिकेड गरिबांची जबाबदारी घेते. पण उरलेल्या बहुसंख्यांचा विमा नोकरीला बांधलेला आहे, आणि तोही योजनेपेक्षा योगायोगाने. दुसऱ्या महायुद्धात वेतनवाढ गोठवली गेली, तेव्हा कामगार टिकवण्यासाठी कंपन्या विमा देऊ लागल्या. पुढे करसवलतीने ती रीत पक्की झाली. आजही एकाच शहरात एकाच तपासणीचा दर विमाकंपनीगणिक बदलतो. राष्ट्रीय उत्पन्नाचा सुमारे १७ टक्के हिस्सा आरोग्यावर जातो. ब्रिटन आणि जपानमध्ये तो साधारण ११ टक्के आहे. तरीही अमेरिकी माणसाचे सरासरी आयुष्य जपानी माणसापेक्षा पाच-सहा वर्षांनी कमी आहे. त्याला आहार, बंदुका, व्यसने अशी इतर कारणेही आहेत. पण खर्च फुगण्याचे मोठे कारण उपचार जास्त होणे हे नसून दर चढे असणे हे आहे, असे जेरार्ड अँडरसन, उवे राइनहार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखवून दिले. २०१० च्या कायद्याने विमा कोट्यवधी लोकांपर्यंत पोहोचला, तरी अडीच कोटींच्या आसपास माणसे अजून त्याबाहेर आहेत.

सरकारी व्यवस्थेवरचा सर्वांत गंभीर आक्षेप रांगेचा आहे आणि तो खरा आहे. २०२३ मध्ये इंग्लंडमधली प्रतीक्षायादी ७० लाखांच्या वर होती. अठरा आठवड्यांत उपचार सुरू करण्याचे उद्दिष्ट तिथे २०१६ पासून पूर्ण झालेले नाही. गुडघा दुखत असताना वर्षभर थांबणे हे दुःखच आहे. पण उपचार मर्यादित असतील तर ते कुठल्या तरी निकषाने वाटावेच लागतात. काही देश ते रांगेने वाटतात, काही खिशाने. रांग मोजता येते. तिचे आकडे दर महिन्याला जाहीर होतात आणि मंत्र्याला त्याचा जाब द्यावा लागतो. पैशाअभावी डॉक्टरकडे गेलाच नाही, अशा माणसाचे नाव कुठल्याच यादीत नसते. रांग लोकांच्या रेट्याने कमी करता येते. रिकाम्या खिशासाठी विचारायला कुणी जात नाही. म्हणून या दोन अन्यायांत मी रांगेचा अन्याय पत्करेन. अट एकच, रांगेत सगळ्यांनी उभे राहावे. ऐपतवाले पैसे देऊन बाहेर पडले की तिच्यासाठी भांडणारा आवाज जातो.

हे सगळे श्रीमंत देशांचे चोचले आहेत असे म्हणणाऱ्यांनी थायलंडकडे पाहावे. १९९७ च्या आर्थिक संकटातून जेमतेम सावरलेल्या या देशाने २००२ पर्यंत सर्वांसाठी आरोग्यसेवा लागू केली. प्रत्येक भेटीला शुल्क ३० बाट, गरिबांना तेही माफ. डॉक्टर सांगुआन नित्यारंपोंग यांनी वर्षानुवर्षे त्याची आखणी केली होती. त्याहून महत्त्वाचे म्हणजे आधीच्या दोन-तीन दशकांत सरकारने जिल्ह्याजिल्ह्यात छोटी रुग्णालये उभी केली होती आणि नव्या डॉक्टरांना ग्रामीण सेवा बंधनकारक केली होती. विम्याचे कार्ड हातात पडले तेव्हा ते चालेल असे रुग्णालय जवळ होते.

हा विचार आपल्याला परका नाही. नाशिकात जन्मलेले आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेले सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ मध्ये, म्हणजे ब्रिटनची सेवा सुरू होण्याच्या दोन वर्षे आधी, पैसे नाहीत म्हणून कुणीही उपचाराला मुकू नये हे तत्त्व मांडले. आपली प्राथमिक आरोग्य केंद्रे त्याच अहवालातून आली. तत्त्व कागदावर राहिले, कारण त्यामागे पैसा उभा केला नाही. २०१७ च्या राष्ट्रीय धोरणाने २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या २.५ टक्क्यांवर नेण्याचे ठरवले होते. २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्के होता. त्याच वर्षी एकूण आरोग्यखर्चातला ३९ टक्के भाग लोकांनी थेट खिशातून दिला. आठ वर्षांपूर्वीच्या ६४ टक्क्यांपेक्षा हे कमी आहे, पण जपानी किंवा थाई माणसाला ते अजूनही असह्य वाटेल.

महाराष्ट्रात महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे, केंद्राची आयुष्मान भारत आहे, आणि ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क आहेत. ही पावले खरी आहेत. पण योजना मुख्यतः दाखल झालेल्या रुग्णासाठी आहेत. रक्तदाबाच्या रोजच्या गोळ्या आणि तपासण्यांचा खर्च घरातूनच जातो. मध्यमवर्गाने मेडिक्लेम घेऊन सिव्हिल हॉस्पिटलकडे कधीच पाठ फिरवली आहे, आणि तिथली दुरवस्था टिकून राहण्याचे तेही एक कारण आहे. दर ठरवणे आपल्याला जमत नाही, असेही नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राने औषधलेपित स्टेंटची किंमत सुमारे ३० हजारांवर बांधली. तोवर रुग्ण त्यासाठी लाखाहून अधिक मोजत होते. मे २०२० मध्ये, कोविडच्या साथीत, राज्य सरकारने खासगी रुग्णालयांतल्या ८० टक्के खाटांचे दर ठरवले. व्हेंटिलेटरसह आयसीयूचे दिवसाला ९ हजार. तक्रारी झाल्या, पळवाटा निघाल्या, पण दर ठरवता येतात हे सिद्ध झाले. साथ ओसरली आणि ती मर्यादाही गेली.

म्हणून सरकारी की खासगी हा वाद बाजूला ठेवावा. त्याऐवजी आपल्या आमदाराला आणि खासदाराला तीन गोष्टी विचाराव्यात. सरकारी आरोग्यखर्च ठरलेल्या अडीच टक्क्यांवर कधी नेणार? खासगी रुग्णालयांच्या दरांना कायमची, कायद्याची मर्यादा कधी घालणार? आणि आमच्या तालुक्याच्या रुग्णालयातल्या रिकाम्या जागा कधी भरणार? बेव्हन आणि डग्लस निवडून आलेली माणसे होती, आणि त्यांच्या मागे हे प्रश्न विचारणारे मतदार होते. आपणही ते विचारले पाहिजेत, आणि अंगात ताकद असतानाच विचारले पाहिजेत.