डब्लिन, जर्मनी आणि वीस गुंठे

मुळशी तालुक्याच्या एका टोकाला माण-हिंजवडीचं आयटी पार्क, दुसऱ्या टोकाला ताम्हिणीचा पाऊस. मधे पिरंगुटचे कारखाने, लवळ्याच्या टेकड्यांवर खासगी विद्यापीठं आणि अजून तग धरून असलेली भातखाचरं. पुढच्या संवादातली दोघं इथलीच. मामा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, पौडच्या बाजूला राहणारे. भाची मेकॅनिकल इंजिनिअर, पिरंगुटच्या एका कारखान्यात क्वालिटीला, वय चोवीस. तिला दोन ठिकाणी प्रवेश मिळालाय : डब्लिनला एक वर्षाचं एमएससी, इंग्रजीतून, आणि जर्मनीतल्या एका सरकारी विद्यापीठात दोन वर्षांचं मास्टर्स. माणसं कल्पनेतली आहेत. कायदे आणि नियम खरे.

मामा : ठरलं का काही?

भाची : ठरत नाहीये म्हणून तर आले. एक्सेल केलीय. फी, राहण्याचा खर्च, भाषा, शिकून झाल्यावर नोकरी शोधायला किती दिवस थांबू देतात, सगळ्याला दहापैकी मार्क.

मामा : मग पहिला नंबर कुणाचा?

भाची : भाषेला वजन दिलं की डब्लिनचा, फीला दिलं की जर्मनीचा. काल रात्री तीनदा आलटून पालटून पाहिलं.

मामा : पेपर काढणारी तू, तपासणारी तू आणि परीक्षेला बसलेलीही तूच. निकाल कसा लागायचा? तू मला सरळ सांग, फरक किती पैशांचा आहे?

भाची : डब्लिनची फीच पंचवीस हजार युरो, वर राहणं-खाणं. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरा. चाळीस लाखांना थोडं कमी. जर्मनीत फी नाही, सेमिस्टरचे किरकोळ पैसे. पण व्हिसाला आधी ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये टाकून दाखवावे लागतात. तिथं गेल्यावर तेच पैसे महिन्याला ९९२ असे आपल्याला परत मिळतात. म्हणजे बारा लाख, तेही आपलेच.

मामा : मग विचार कसला करतेस? फुकट मिळतंय तिथं जा.

भाची : फुकट काही नसतं. तिकडचा करदाता भरतो. मला ते खटकतं. पैसे मोजून शिकलं की कुणाचं देणं राहत नाही.

मामा : मुळशीत बसून एवढं सोवळं नको गं. धरणाचं पाणी कुठं जातं?

भाची : खाली भिऱ्याला. वीज मुंबईला.

मामा : ज्यांची खाचरं बुडाली त्यांच्यासाठी नव्हतीच ती वीज, मुंबईसाठी होती. १९२१ साली त्याविरुद्ध इथं सत्याग्रह झाला, तीन वर्षं चालला, तरी धरण झालंच. जगात देतो एक आणि घेतो दुसरा. एकदा आपण घेणाऱ्यांच्या रांगेत उभं राहिलो तर काय आभाळ कोसळणार आहे?

भाची : मामा, हा मुद्दा भाषणात टाळ्या घेईल, पण वाईट आहे. आपलं एकानं बुडवलं म्हणून वसुली तिसऱ्याकडून करायची? जर्मन करदात्यानं मुळशीचं काय घोडं मारलंय?

भाचीचं म्हणणं बरोबर आहे. आपल्याकडे परदेशी शिक्षणाच्या चर्चेत हा हिशेब फार लवकर निघतो : त्यांनी दीडशे वर्षं नेलं, आता आपण आणू. त्यात देशसुद्धा बदलून जातात. नेलं एकानं, आणायला निघतो भलत्याकडून. मामांनाही ते पटलं असावं, कारण त्यांनी लगेच दुसरी वाट धरली.

मामा : बरं, उपकार नको, व्यवहार म्हण. त्यांच्याकडे म्हातारे जास्त, कामाला माणसं कमी. शिकवून ठेवून घेतलं तर त्यांचाच फायदा. शिकल्यावर नोकरी शोधायला दीड वर्ष उगाच देतात का?

भाची : व्यवहार म्हटलं की अटी आल्या, आणि अटी बदलतात. डेन्मार्कमध्ये आपल्यासारख्यांना फी नव्हती, २००६ पासून लागली. स्वीडनमध्ये २०११, फिनलंडमध्ये २०१७, नॉर्वेत २०२३. जर्मनीतच बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यानं २०१७ पासून युरोपबाहेरच्यांना सेमिस्टरला दीड हजार युरो लावले आणि म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनं २०२४ पासून त्याहून जास्त. ब्रिटन शिक्षणानंतर दोन वर्षं राहू देतं, ती मुदत २०२७ पासून दीड वर्षावर येतेय. मी ज्याला देश म्हणून मार्क देतेय ते मुळात त्या वर्षीचं परिपत्रक आहे.

मामा : आयर्लंडचं?

भाची : मास्टर्सनंतर दोन वर्षं. आज. मी तिथं पोहोचेपर्यंत काय असेल ते सांगता येत नाही.

मामा : मग निवडण्यासारखं उरलं काय? तिकडं महिंद्राच्या कॉलेजात मुलं येतात बघ, खुबवलीच्या डोंगरावर. १९९७ पासून. देशोदेशीची पोरं. त्यातल्या बऱ्याच जणांना कुठल्या देशात पाठवायचं ते त्यांच्या देशातली समिती ठरवते. आधी पौड नाव ऐकलेलंही नसतं. येतात, दोन वर्षं राहतात, शिकून जातात. निवडीवाचून काही अडलं का त्यांचं?

भाची : ती सोळा-सतरा वर्षांची असतात आणि त्यांच्यामागं कुणीतरी उभं असतं. मला समिती नाही. तुम्ही आहात.

मामा : सेनापती बापटांच्या मागं तरी कोण होतं? पारनेरचा मुलगा. मुंबई विद्यापीठाची मंगळदास नथूभाई शिष्यवृत्ती मिळाली, १९०४ साली एडिंबराला गेला इंजिनिअरिंग शिकायला. देश शिष्यवृत्तीनं निवडला. तिथं इंग्रजी राज्याविरुद्ध बोलला आणि शिष्यवृत्ती गेली. मग पॅरिसला जाऊन रशियन क्रांतिकारकांकडून बॉम्बची विद्या शिकून आला. आणि शेवटी आपल्या धरणाविरुद्धच्या सत्याग्रहात उभा राहिला! गेला कशाला, आला काय घेऊन.

भाची : शाळेत ही गोष्ट तुम्हीच सांगायचात. पण परदेशी निघालेल्या प्रत्येक पोरीच्या गळ्यात ती का बांधता? बापट परतल्यावर पोलिस मागावर, भूमिगत. धरणाविरुद्ध उभे राहिले तेही नोकरदारासारखं सुट्टी घेऊन नव्हे. त्यांच्या गोष्टीत परत येण्याचा जो मोठेपणा आहे त्याची किंमत मला आधीच भरायला लावू नका. मी परत येईन की नाही, आत्ता मला माहीत नाही.

मामा : बरं, बापट राहू देत. इरावतीबाई घे.

भाची : कर्वे?

मामा : १९२८ साली बर्लिनला गेल्या. नवरा दिनकरराव आधीच जर्मनीत शिकून आलेले. सासरे म्हणजे अण्णासाहेब कर्वे, बायकांच्या शिक्षणासाठी जन्म घालवलेला माणूस, पण सून परदेशी जायला त्यांचा विरोध होता. तरी गेल्या. कैसर विल्हेल्म इन्स्टिट्यूटमध्ये ओयगेन फिशर हे त्यांचे मार्गदर्शक. फिशरना कवट्यांवरून दाखवायचं होतं की गोऱ्यांच्या डोक्याची ठेवण वेगळी, म्हणून त्यांची बुद्धी वरचढ. बाईंनी कवट्या मोजल्या आणि लिहिलं, वंशाचा आणि डोक्याच्या ठेवणीतल्या या असमानतेचा संबंध दिसत नाही.

भाची : म्हणजे त्यांनी देश चुकीचा निवडला म्हणायचा की बरोबर?

मामा : तेच तर. १९२८ मध्ये मानववंशशास्त्र शिकायला बर्लिनसारखी जागा नव्हती. पाच वर्षांनी हिटलर आला. तुझ्या त्या एक्सेलमध्ये १९३३ चा रकाना कुठून आणणार होत्या? जागा कशी निघाली ते त्यांच्या हातात नव्हतं. मोजमाप खोटं करायचं नाही, एवढं होतं.

भाची : कारखान्यात मी तेच करते. जर्मन गिऱ्हाइकाकडून रिजेक्शन रिपोर्ट येतो, डाव्या रकान्यात जर्मन, उजव्यात इंग्रजी. आता मी डावा आधी वाचते. रानडे इन्स्टिट्यूटला संध्याकाळची जात होते ना, जर्मनचं बी-वन झालं. इंग्रजीत नुसतं ‘भोक मापात नाही’ लिहिलेलं असतं. जर्मनमध्ये कुठल्या फिक्स्चरवर, कुठल्या पृष्ठभागाचा आधार धरून मोजलं, तेही लिहिलेलं असतं. गेल्या महिन्यात एक अख्खी बॅच त्या डाव्या रकान्यामुळं वाचली. त्यांचं मोजमाप चुकलेलं होतं, आपलं नाही.

मामा : हे तुझ्या एक्सेलमध्ये आहे?

भाची : नाही.

मामा : घाल मग.

भाची : घातलं तरी निकाल लागत नाही. खरी गोष्ट वेगळीच आहे. डब्लिनचे पैसे कुठून येणार ते माहितेय ना तुम्हाला?

मामा : जमिनीतून. दादा म्हणत होता.

भाची : बाबा गेल्यावर वारसनोंद झाली. दीड एकर, नावं तीन : आई, दादा, मी. शेतजमीन बँक शिक्षणकर्जाला तारण घेत नाही. हप्ते थकले तर सरफेसी कायद्यानं जप्त करता येत नाही म्हणून. एनए प्लॉट असता तर घेतला असता. म्हणून विकायची. फार्महाउसवाला बघून गेलाय. वीस गुंठ्यांत डब्लिन बसतं.

मामा : दादा तयार आहे हे चांगलंच की.

भाची : तयार आहे, अट आहे. वीस गुंठे माझ्या शिक्षणाला, आणि उरलेल्या एकरावर मी हक्कसोडपत्र करून द्यायचं. साठ गुंठे भागिले तीन, वीस. हिशेबात चूक नाही. माझा वाटा मी डब्लिनला खाऊन येणार.

मामा : मग अन्याय कुठं झाला? वाटा मिळालाच ना.

भाची : त्याचा बारावीनंतरचा डिप्लोमा, बाइक, लग्न, हे कुणाच्या वाट्यातून गेलं? ते घरखर्चातून. माझं शिक्षण मात्र वाटणीतून. मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतका हक्क महाराष्ट्रात १९९४ पासून आहे आणि देशभर २००५ पासून. तरी तालुक्यात किती बहिणींची नावं सातबाऱ्यावर टिकतात? तलाठ्याकडं गेलं की वारसनोंद आणि हक्कसोड एकाच फायलीत लावलेली. आईनं तुम्हाला दिलीच की करून.

मामा : रीतच होती ती. साडीचोळी केली होती मी, दरवर्षी भाऊबीजेला...

भाची : मी भांडत नाहीये. आईलाही त्याचं काही वाटत नाही. पण तुम्ही जर्मनीत पैसे वाचतात म्हणता आणि मी डब्लिनमध्ये वेळ वाचतो म्हणते, आणि दोघंही वेगळंच काहीतरी बोलत असतो. डब्लिन निवडलं तर माझं नाव इथून निघतं.

संवाद इथं थोडा वेळ थांबला. दोन देश तोलताना सल्लागार फी, व्हिसा, नोकरी विचारतात. मागं काय उरतं ते विचारत नाहीत, कारण त्यांच्या फॉर्मवर ते नसतं. परत यायला जागा असणं ही एक गोष्ट आणि परत आल्यावर आपण पाहुणी नसणं ही दुसरी. मुलांना दुसरी आपोआप मिळते. मुलींसाठी ती फीच्या रकान्यात लपलेली असते. फी नसलेला देश मुलीला स्वस्त पडतो एवढंच नाही, तिला घरच्यांशी सौदा न करता निघता येतं. माझ्या मते जर्मनीच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा हाच आहे, आणि जर्मनीचा त्याच्याशी काही संबंध नाही.

मामा : मग जर्मनी. सुटलं.

भाची : सुटलं कुठं? डब्लिनला नापास झाले किंवा नोकरी नाही लागली तर तीन वर्षांच्या आत कळतं. जर्मनीत हळूहळू कळेल. दोन वर्षं कोर्स, तो तिकडं सहज अडीच-तीनचा होतो, मग दीड वर्ष नोकरी शोध, बी-टूशिवाय मध्यम आकाराच्या कंपन्या सहसा घेत नाहीत. चोवीसची मी अठ्ठावीसची होईन. तेव्हा हात हलवत परत आले तर तुम्हीच स्थळं घेऊन दारात उभे राहाल.

मामा : राहीन. खोटं कशाला बोलू.

भाची : बघा.

मामा : पण तेव्हा तू कुठल्या दारात असशील? डब्लिनहून हरून आलीस तर दादाच्या. जर्मनीहून आलीस तर वीस गुंठे तुझे. तिथं शेड टाक, पेइंग गेस्ट ठेव, खंडानं दे, नाहीतर नुसतं गवत वाढू दे. स्थळ नाकारायला सुद्धा माणसाला पायाखाली काहीतरी लागतं.

भाची : हे तुम्ही आईला सांगितलं नाहीत कधी.

मामा : नाही सांगितलं. तुझ्या बारा लाखांचं बोल.

भाची : तेरा-साडेतेरा धरा, कागदपत्र-पडताळणीचं एपीएस सर्टिफिकेट, व्हिसा, तिकीट सगळं मिळून. साडेतीन माझे साठलेत. अडीच आई पाटल्यांवर सोनेतारण काढते म्हणतेय, त्याचे हप्ते मी तिथून पाठवीन. साडेसात लाखांपर्यंत सरकारी बँक तारण मागत नाही.

मामा : मग झालंच की.

भाची : पण आपली बँक चार लाखांच्या वर जामीनदार मागते. उत्पन्नाचा पुरावा असलेला. दादाला विचारलं असतं तर पुन्हा हक्कसोड आली असती.

मामा : मला सात-बाराचा उतारा काढावा लागेल?

भाची : सात-बारा चालत नाही मामा, सांगितलं ना. तुमची पेन्शनची स्लिप, पॅन, आधार आणि सहा महिन्यांचं पासबुक.

मामा : पासबुक भरून घ्यावं लागेल, मार्चपासून प्रिंट मारलेली नाही. बँक दहाला उघडते.