हजेरी

गेल्या उन्हाळ्यात हळद घेऊन वसमतच्या मोंढ्यात गेलो होतो. पोती उतरवणारा एक हमाल जवळ येऊन पाया पडला. "वळखलं का, सर?"

ओळखलं. माझाच विद्यार्थी, आठवी पास. दिवाळीनंतर उसाला जातो, परत आला की मोंढ्यात पोती उचलतो. त्यानं खिशातून घडी घातलेला कागद काढला. "मुकादमाचा हिशोब हाय. बघा बरं, किती फिटले."

वाचून दाखवलं. उचल किती, ऊस किती टन, बाकी किती. बायको आजारी होती ते अकरा दिवस खाडे म्हणून मांडलेले. "आठवी पास ना रे तू?" हे ओठावर आलेलं मी गिळलं. त्याला पास मीच केलं होतं.

आमची शाळा तालुक्यातलीच. दिवाळी झाली की गावातले कोयते ट्रकात बसायचे, ते पाडव्याच्या आसपास परतायचे. १ एप्रिल २०१० ला शिक्षण हक्काचा कायदा लागू झाला. सहा ते चौदा वयाचं प्रत्येक लेकरू शाळेत हवं आणि आठवीपर्यंत कुणाला नापास करायचं नाही. त्या दिवाळीला मी ट्रकापाशी जाऊन याच्या बापाला म्हणालो, "लेकराला ठेवा, आता कायदा आहे." बाप म्हणाला, "ठेवतो की. पर कुणापाशी? तुमच्या घरी ठेवता का?"

मी गप्प बसलो. घरात जागा होती.

अशा लेकरांसाठी हंगामी वसतिगृहं निघाली होती. पण आमच्याकडे मंजुरी आणि पैसे यायला संक्रांत उजाडायची, तोवर लेकरं उसाच्या फडात. इकडे पट घसरला की शिक्षकाचं पद जाणार. मग चार हंगाम मी त्याच्या नावापुढे 'हजर' लिहिलं. मुकादमानं एकेक खाडा टिपला, मी एकही नाही. चौदा पुरे झाले, कायद्याचं काम संपलं, आणि पोरगा अर्धा कोयता होऊन त्याच ट्रकात चढला. नववीला का आला नाही, हे विचारायचं बंधन कुणावरच नव्हतं.

म्हणून सक्तीच नको, असं शहरातली शिकलेली माणसं म्हणतात तेव्हा मला आक्का आठवते. चौदा वर्षांपर्यंतच्या सगळ्या लेकरांना दहा वर्षांत मोफत, सक्तीचं शिक्षण द्यायचा प्रयत्न व्हावा, असं १९५० साली लागू झालेल्या राज्यघटनेत लिहिलं गेलं. १९६० उलटून गेलं. १९६७ साली हळदीच्या काढणीत आक्का चौथीतून घरी बसली, ती बसलीच. विचारायला कुणी आलं नाही. तिच्यापेक्षा मी अभ्यासात कच्चा होतो, तरी गुरुजी मीच झालो. तिला सांगितलं होतं, शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापुरात शिक्षण सक्तीचं केलं, लेकरू न पाठवणाऱ्या बापाला महिन्याला एक रुपया दंड. ती हळद निवडत होती. म्हणाली, "आबाला लावला असता तर मी शिकले असते बघ."

आबाला दंड बरोबरच होता. घरची शेती होती, मला पाठवलं होतं, तिलाही पाठवता आलं असतं. या पोराच्या बापाला कशाचा लावणार? तो आधीच उचलीत बुडालेला. नव्या कायद्यात पालकावर कर्तव्य आहे, दंड नाही, ते ठीकच. पण वसतिगृह उशिरा उघडणाऱ्यालाही कुणी दंड लावला नाही, आणि खोटी हजेरी मांडणाऱ्या मला तर पगार मिळाला. २०१९ च्या दुरुस्तीपासून पाचवी-आठवीला नापास करायची मुभा आहे. म्हणजे पुन्हा शिक्षा लेकरालाच. सक्ती व्हावीच, पण ती बाप, मास्तर, सरकार या क्रमानं वर चढत जावी, असं मला आता वाटतं. नोकरीत असताना वाटलं नाही, हे खरं.

कागद परत देताना तो हळूच म्हणाला, "सर, पोरगी औंदा पहिलीत जाईल. दिवाळीला संगं न्यावं लागंल. शाळेत वळखीचं कुणी असलं तर सांगता का, तेवढी हजेरी लावा म्हणून?"

काट्यावर माझ्या पोत्यांचा पुकारा झाला. मी जागचा हललो नाही.

"पोरीची आजी कुठं असते रे?"

"गावातच हाय की. का वो, सर?"