ताटातला एकच बदल

मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्यात मामाकडे वाढलेल्या देबूजी झिंगराजी जानोरकराच्या मुलीचं बारसं होतं. परीट समाजात तेव्हा बारसं म्हटलं की मटण आणि दारू आलीच. नाहीतर सोयरे नावं ठेवणार. देबूजीचे वडील दारूपायीच गेले होते. तरी त्याने बारसं रद्द केलं नाही की व्यसनावर भाषण ठोकलं नाही. आवतण दिलं, भाऊबंद बोलावले, पंगत बसवली. ताटात मात्र गोडाचं जेवण वाढलं, आणि दारू आलीच नाही. पुढे १ फेब्रुवारी १९०५ रोजी हाच देबूजी घर सोडून निघाला आणि गाडगेबाबा झाला.

त्या गृहत्यागाचं आपल्याला भारी कौतुक. अमरावतीच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे, जयंतीला झाडू हातात धरून फोटोही निघतात. पण घर सोडणं तुमच्या-माझ्या आवाक्यातलं नाही, आणि म्हणूनच त्याचं कौतुक सोपं जातं. बारशाची पंगत मात्र कोणत्याही घरात बसते. बाकी सगळी रीत जशीच्या तशी ठेवून एकच गोष्ट बदलायची, तीही स्वतःच्या दारात आणि स्वतःच्या खर्चाने. संकल्पात आणि अशा प्रयोगात फरक पडतो तो इथेच. एक जानेवारीचा संकल्प गावभर सांगितला जातो. तो मोडला की माणूस स्वतःलाच नालायक ठरवतो आणि पुन्हा वाटेला जात नाही. प्रयोगात मोडणं हीसुद्धा माहितीच असते.

आपल्याकडचा खर्रा घ्या. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी अकोल्या-अमरावतीत पानठेल्यावर सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकवर घोटण्याचा आवाज काही थांबलेला नाही. ‘आजपासून बंद’ म्हणणारे त्याच ठेल्यावर संध्याकाळी भेटतात. त्यापेक्षा पंधरा दिवस फक्त जेवणानंतरचा खर्रा टाळून पाहावा, आणि कॅलेंडरवर दुधाच्या रतिबाची खूण करतो तिथेच त्याचीही खूण करावी. कोणत्या वारी सुटला, कोणासोबत असताना तोंडात गेला, हे पंधरा दिवसांनी समोर येतं. बहुतेकांची तलफ तंबाखूपेक्षा सोबतीची निघेल, असा माझा अंदाज आहे. तसं निघालं, तर बदलायचं ते बसण्याचं ठिकाण.

लग्नाचंही तेच. हुंडा आणि कर्ज यांवर व्याख्यानं पुष्कळ झाली. घरच्या एका कार्यात आहेर बंद ठेवून पाहणारे थोडे.

मात्र यातून कोणी असा अर्थ काढू नये, की कास्तकाराचं कर्ज त्याच्या सवयींमुळेच होतं. कापसाचा भाव, बोंडअळी, खारपाणपट्ट्यातलं खारं पाणी यांवर घरातल्या प्रयोगांचा इलाज नाही. तिथे सरकारलाच जाब विचारावा लागतो. आणि दुसरी गोष्ट, प्रयोग नेहमी स्वतःवर करावा. घरात साखर बंद, तेल कमी असं पुरुषाने जाहीर करायचं आणि दोन-दोन स्वयंपाक बाईने रांधायचे, असं अनेक घरांत चालतं. अशा गृहस्थांनी सुरुवातीला महिनाभर जेवल्यावर आपलं ताट आपण घासून पाहावं. सासरे किंवा पाहुणे घरी आले असतील, त्या दिवशीही.