कडी लागलेला रुपया

वऱ्हाडात अजून कितीतरी घरी लक्ष्मीपूजनाच्या पाटावर दोन-चार राणीछाप रुपये मांडतात. एरवी वर्षभर ते डब्यात, जुन्या लुगड्याच्या चिंधीत बांधलेले असतात. धनतेरस आली की चिंचेचा कोळ आणि राख लावून घासून लख्ख करायचे, ही घरच्या बाईची जुनी शिस्त. आणि हल्ली एखादा भाचा मोबाइल पुढे करून सांगतो, "मामी, एका रुपयाचे लाख येतात म्हन्तेत!" या 'म्हन्तेत'वर भरवसा ठेवून आधी 'कमिशन' भरणारे इतके झाले, की २०२१च्या ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेनं जाहीर खुलासा केला: जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा व्यवहारांशी आमचा काही संबंध नाही, आणि आमच्या नावानं कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

मामी तो रुपया घेऊन अकोल्याच्या नाहीतर अमरावतीच्या सराफ्यात गेल्या, तर तिथला हिशेब सरळ असतो. रुपया काट्यावर पडतो. १८३५ पासून १९३९ पर्यंत ईस्ट इंडिया कंपनीच्या आणि मग इंग्रज सरकारच्या रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा. त्यातले बारा भागांपैकी अकरा भाग चांदी. झीज आणि घट धरून सराफ मोडीचा भाव सांगतो. १९४० ते १९४५मधला रुपया असेल तर भाव निम्म्याच्या आसपास येतो, कारण युद्धाच्या ओढाताणीत सरकारनं चांदीच निम्मी केली. राणी असो की राजा, काट्याला चेहरा दिसत नाही.

संग्राहकाला मात्र चेहराच दिसतो, आणि त्याखालचं साल. नाणं जुनं म्हणून महाग, ही आपली समजूत त्याच्याकडे चालत नाही. १८६२ सालचा रुपया घराघरात सापडतो, कारण पुढची दहा-अकरा वर्षं टांकसाळी तेच साल उमटवत राहिल्या. मुंबईच्या टांकसाळीनं फक्त बारीक ठिपके देऊन फरक ठेवला, आणि जाणकार भिंग लावून तेच ठिपके मोजत बसतात. उलट १९११चा पंचम जॉर्जचा रुपया अर्धशतकानं धाकटा असून भाव खातो. राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, बोभाटा झाला, आणि त्यातले बरेचसे रुपये परत घेऊन आटवावे लागले. पुढच्या वर्षी हत्तीला नीट सोंड आली. १९३९चा रुपया तर इतका विरळा, की तो कुणी दाखवला तर आधी खोटा धरून तपासायचा.

तरीही सालापेक्षा मोठी अडचण वेगळीच आहे. संग्राहकाला नाणं टांकसाळीतून पडलं तसं हवं असतं. त्यावर चढलेला काळसर थर त्याला प्यारा. चिंच-राखेनं तो गेला की नाण्याची किंमत गेली. आणि वऱ्हाडातल्या जुन्या रुपयांपैकी कित्येकांच्या माथ्यावर झाळून बसवलेली कडी असते, किंवा ती तोडल्याचा डाग तरी. माळेत ओवलेला रुपया संग्राहक हातात घेतो, कड बघतो आणि परत करतो. म्हणजे ज्या हातांनी तो पाच पिढ्या सांभाळला, त्यांचीच वजाबाकी होते. मला यात त्याची चूक दिसत नाही. पण कुठल्याही बाजारात न फिरलेल्या, कुणाच्या कनवटीला न लागलेल्या नाण्याला सगळ्यात जास्त पैसे मिळावेत, हे मात्र गमतीचंच.

कारण आपल्याकडे रुपया आला तोच मुळी कामाला. १८६०च्या दशकात अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला, आणि वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. १८६७ला रेल्वे नागपूरपर्यंत पोचली. खामगाव, अमरावती, अकोल्याच्या बाजारात कापसाच्या बदल्यात चांदी खणखणू लागली. पाटलाघरच्या बाईच्या गळ्यात आणि तांड्यावरच्या बंजारा बाईच्या अंगावर जे रुपये-चवल्या चढल्या, ती हौस होतीच. पण बँकही तीच होती. १८९९-१९००च्या दुष्काळासारख्या वर्षी ती बँक सराफाच्या मुशीत उघडायची. खामगाव आज चांदीची पेठ म्हणून ओळखलं जातं.

नाण्यातली चांदी दाबून ठेवायची ही तऱ्हा एकट्या वऱ्हाडची नाही. ऑस्ट्रेलियानं आपल्या शिलिंग-फ्लोरिनमधली चांदी साडेब्याण्णव टक्क्यांवरून १९४६ला पन्नासवर आणली. १९६६ला तिथं पन्नास सेंटचं गोल नाणं निघालं, त्यात ऐंशी टक्के चांदी. चांदी चढली, आणि नाण्यावर लिहिलेल्या किमतीपेक्षा आतला धातू महाग झाला. लोकांनी नाणी दाबून ठेवली आणि १९६९ला त्या जागी बिनचांदीचं बाराकोनी नाणं आलं. त्या देशाची काही ब्राँझची पेनी-नाणी युद्धात, १९४२-४३ला, आपल्या मुंबईच्या टांकसाळीत पाडलेली आहेत; त्यांवरच्या इवल्याशा 'आय' या खुणेवरून ती ओळखू येतात.

अशा खुणा आपल्याकडेही वाचाव्या लागतात. मुघलांच्या काळात एलिचपूरला, म्हणजे आजच्या अचलपूरला, टांकसाळ होती. तिथल्या रुपयावर राणी नाही, राजा नाही, नुसती फारसी अक्षरं. भिंत पाडताना, परसात खणताना असं काही हाती लागलं तर १८७८च्या कायद्यानं कलेक्टरला कळवावं लागतं, हे बहुतेकांच्या गावीही नसतं. आणि आजोळहून आलेल्या डब्यात निघालं तर ते थेट काट्यावर जातं. सराफ वजन करतो, भाव बरोबर सांगतो. वाचता मात्र त्यालाही येत नाही. मूस तापण्याआधी गावातल्या एखाद्या फारसी-उर्दू जाणणाऱ्या मास्तरांना ते दाखवायला फारतर एक चहा लागतो.