मुलं मोठी होतात म्हणून

परवा रात्रीच्या चर्चेतलं ते वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. ‘आज ती लहान मुलं आहेत, उद्या तीच हातात बंदूक घेतील.’ सूत्रसंचालकानं हरकत घेतली नाही, समोर बसलेल्या तिघांनीही नाही. सकाळी तेच वाक्य आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅपवर होतं, खाली टाळ्यांची रांग. युद्ध कुठलं आणि मुलं कुणाची, हे मी मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की निम्मे वाचक आधी मुलं कुणाची ते बघतील आणि मग मत ठरवतील.

हे वाक्य नवं नाही. ते भर न्यायालयात, शपथेवर उच्चारलं गेलं आहे आणि फेटाळलंही गेलं आहे. तो खटला उभा करणारे वकील ७ एप्रिल २०२३ रोजी, वयाच्या १०३ व्या वर्षी गेले. बेंजामिन फेरेंझ. दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूरेंबर्गला नाझींवर चाललेल्या खटल्यांतल्या सरकारी वकिलांपैकी हयात असलेले शेवटचे. आपल्याकडे त्यांच्या जाण्याची बातमी आतल्या पानावर चार ओळींत आटोपली. त्यांची आठवण काढायला परवाची रात्र निमित्त व्हावी, याचा मला मनापासून संताप आहे.

ट्रान्सिल्व्हेनियात ज्यू कुटुंबात जन्म, दहा महिन्यांचे असताना न्यूयॉर्कला. वडील इमारतीची झाडलोट आणि देखभाल करायचे. मुलगा शिष्यवृत्तीवर हार्वर्डला कायदा शिकला आणि १९४३ मध्ये पदवी घेऊन सैन्यात गेला, साधा शिपाई म्हणून, विमानविरोधी तोफांच्या तुकडीत. नॉर्मंडी, मग बल्जची लढाई. १९४५ मध्ये त्यांना युद्धगुन्ह्यांच्या तपासावर घेतलं गेलं आणि ते बुखेनवाल्ड, माउटहाउसेनसारख्या छावण्यांत पोचले. प्रेतांचे ढीग समोर असताना हा पंचविशीतला सैनिक आधी छावणीचं कार्यालय गाठायचा आणि मृतांच्या नोंदवह्या ताब्यात घ्यायचा. एका छावणीत कारकुनी करणाऱ्या कैद्यानं एसएस या नाझी संघटनेच्या माणसांची ओळखपत्रं जाळायच्या ऐवजी पुरून ठेवली होती, असं ते सांगत. सापडला असता तर तो तिथेच मेला असता. कधीतरी कुणीतरी हिशोब मागायला येईल, एवढ्या भरवशावर त्यानं ते केलं. न्यायावरचा याहून मोठा विश्वास मी तरी कुठे वाचलेला नाही.

मी या स्तंभात कागदांबद्दल पुन्हा पुन्हा लिहितो, हे काही वाचकांना आवडत नाही. पण फेरेंझ यांचं सगळं मोठेपण कागदांवर उभं आहे. युद्धानंतर बर्लिनमध्ये त्यांच्या तपासनिसांना गुप्त अहवालांच्या फायली सापडल्या. रशियात शिरलेल्या जर्मन फौजेमागून फिरणारी खास मारेकरी पथकं वरिष्ठांना नियमित कळवत होती : गाव अमुक, तारीख तमुक, ज्यू इतके मारले. फेरेंझ बेरजेच्या यंत्रावर आकडे मिळवत गेले आणि दहा लाखांच्या पुढे गेल्यावर थांबले. वरिष्ठ टेलफर्ड टेलर म्हणाले, नव्या खटल्याला माणसं नाहीत, पैसे नाहीत. फेरेंझ म्हणाले, मी चालवतो. वय २७, आयुष्यातला पहिला खटला.

२९ सप्टेंबर १९४७ ला सुनावणी उभी राहिली. सरकार पक्षानं आपलं म्हणणं दोन दिवसांत संपवलं. एकही साक्षीदार बोलावला नाही, आरोपींच्याच हाताखालचे अहवाल समोर ठेवले. आरोपी अडाणी गुंड नव्हते. बरेचसे उच्चशिक्षित, कित्येकांच्या नावामागे डॉक्टर, एकाच्या दोनदा. शिक्षणानं माणूस सुधारतो असं ज्यांना अजून वाटतं, त्यांनी ही आरोपींची यादी एकदा डोळ्यांखालून घालावी.

प्रमुख आरोपी ओटो ओलेनडॉर्फ, त्यातल्याच एका पथकाचा प्रमुख. कायदा आणि अर्थशास्त्र शिकलेला, दिसायला देखणा, पाच मुलांचा बाप. आपल्या पथकानं वर्षभरात नव्वद हजार माणसं मारली, हे त्यानं न्यूरेंबर्गच्याच आधीच्या खटल्यात साक्ष देताना कबूल केलेलं होतं. ‘वरून हुकूम होता’ ही सबब सगळ्यांचीच. तिच्यावर इथे शाई घालवत नाही. ओलेनडॉर्फची खास सबब होती आत्मसंरक्षणाची. मग लहान मुलं का मारली, असं फेरेंझ यांचे सहकारी जेम्स हीथ यांनी विचारलं. त्याचं उत्तर शांत होतं : आम्हाला कायमची सुरक्षितता हवी होती. मुलं मोठी होणार. आईबाप मारले गेलेली मुलं आईबापांइतकीच धोकादायक ठरणार.

हे उत्तर नीट उलगडून पाहू या, कारण परवा ऐकलं ते हेच होतं. मूल धोकादायक का? त्याचे आईबाप मारले म्हणून. मारले कुणी? उत्तर देणाऱ्यानं. म्हणजे पहिला खून दुसऱ्या खुनाचा पुरावा, आणि पुरावा तयार करणारा खुनीच. या हिशोबात निर्दोष ठरायला तान्ह्या बाळानं करायचं तरी काय? त्यानं मोठं न होण्याची हमी द्यायची? आणि धोका म्हणावा तर कसला? डिसेंबर १९४१ मध्ये क्रिमियातल्या सिम्फेरोपोलला याच पथकानं हजारो ज्यू मारले, आणि घाई कशाची होती तर नाताळाच्या आत काम उरकायची. सणाच्या मुहूर्तावर आटपता येतं ते आत्मसंरक्षण कसं? स्वतःचा जीव वाचवणारा माणूस कॅलेंडर बघत नाही. आणखी एक. ओलेनडॉर्फला ७ जून १९५१ रोजी फाशी झाली. त्याची पाच मुलं त्या दिवशी बिनबापाची झाली. त्याचा हिशोब खरा मानायचा तर ती पाचही मुलं आता धोकादायक होती. त्यांच्या केसालाही धक्का लावावा असं कुणाच्या मनात आलं नाही, फेरेंझ यांच्या तर नाहीच. त्यांनी आपल्या भाषणात कुणासाठी फाशीही मागितली नव्हती.

खटल्याच्या निकालानं सगळं भरून निघालं असं नाही. २२ जण दोषी, १४ जणांना फाशीची शिक्षा, प्रत्यक्षात फाशी चौघांना. उरलेल्यांच्या शिक्षा घटत गेल्या आणि १९५८ पर्यंत तुरुंगात कुणी उरलं नाही. फेरेंझ यांनाही मी देव्हाऱ्यात बसवत नाही. तपासाच्या दिवसांत गावकऱ्यांना भिंतीशी उभं करून, खोटं बोलाल तर गोळी घालीन असं धमकावून त्यांनी जबाब घेतले होते. हे त्यांनीच म्हातारपणी सांगितलं. ते चूक होतं, आणि आदरांजलीच्या लेखातही ते चूकच म्हटलं पाहिजे. युद्ध भल्या माणसालाही काय करायला लावतं, ते त्यांनी स्वतःत पाहिलं होतं. म्हणूनच पुढची कित्येक दशकं ते एकाच मागणीमागे लागले : कायमचं आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय.

ते न्यायालय २००२ मध्ये सुरू झालं. पहिला खटला काँगोच्या थॉमस लुबांगावर, पंधरा वर्षांखालच्या मुलांना फौजेत ओढून लढायला लावल्याचा. ऑगस्ट २०११ मध्ये सरकार पक्षाच्या समारोपाला ९१ वर्षांचे फेरेंझ हेगला, त्याच न्यायालयात उभे राहिले. सत्ताविसाव्या वर्षी त्यांच्यासमोरचा आरोपी म्हणाला होता, ही मुलं उद्या धोकादायक ठरतील. इथे मुलांच्या हातात खरोखरच बंदुका होत्या, आणि तरीही कायदा त्या मुलांच्या बाजूनं बोलत होता. बंदूक देणारा आरोपी, ज्याला दिली तो पीडित. मार्च २०१२ मध्ये लुबांगा दोषी ठरला, १४ वर्षांची शिक्षा झाली. मला ती कमी वाटते.

डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकी काँग्रेसनं फेरेंझ यांना आपलं सुवर्णपदक मंजूर केलं. त्या न्यायालयाचा करार मात्र अमेरिकी सिनेटनं आजतागायत मान्य केलेला नाही. १९९८ मध्ये रोमला मतदान झालं तेव्हा १२० देश बाजूनं होते, अमेरिका विरोधात आणि भारत तटस्थ. सुरक्षा परिषदेला दिलेले अधिकार, अण्वस्त्रांचा न झालेला उल्लेख, या आपल्या हरकती पोकळ नव्हत्या. पण हरकत नोंदवून बाहेर बसायचं आणि आतल्यांच्या चुका मोजत राहायचं, हे आपण आणखी किती वर्षं करणार आहोत?