इतर देणी

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी मिस्सा आटोपून माझा पुतण्या व त्याची पत्नी घरी आली. हातात प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणलेला गृहकर्जाचा अर्ज होता. जामीनदार म्हणून माझी सही हवी होती. मी निवृत्त शिक्षक, निवृत्तिवेतन नियमित, शिवाय काका. सही करणे हा माझ्या दृष्टीने दोन मिनिटांचा मामला होता. परंतु आयुष्यभर उत्तरपत्रिका तपासलेल्या माणसाला कागद वाचल्यावाचून सही करवत नाही. मी चष्मा लावला आणि अर्ज वाचू लागलो.

घराची किंमत पन्नास लाख, कर्ज चाळीस लाख. तीस ते पंचाहत्तर लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या ऐंशी टक्क्यांहून अधिक रक्कम बँकेने देऊ नये असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. म्हणून उरलेले दहा लाख यांनी उभे करायचे. मुद्रांक शुल्क वेगळे. त्यासाठी सूनबाईचे काही दागिने निघाले होते. साडेआठ टक्के दराने वीस वर्षांसाठी चाळीस लाख घेतले, की दरमहाचा हप्ता 34,713 रुपये होतो. दोघांचे मिळून हातात पडणारे वेतन 78,000. मोटारसायकलचा हप्ता 3,600. म्हणजे महिन्याच्या देण्यांची बेरीज 38,313 आणि उत्पन्नाशी तिचे प्रमाण एकोणपन्नास टक्के. त्यांच्या बँकेची मर्यादा पन्नासची होती. अर्ज बरोबर मर्यादेच्या आत बसत होता. इतका बरोबर की मला शंका आली.

त्यापुढे एक रकाना होता, ‘इतर देणी’. त्यात पुतण्याने सुवाच्य अक्षरात लिहिले होते : निरंक.

‘हे दहा लाख तुम्ही कोठून आणलेत?’ मी विचारले. सात लाख बचतीतून आणि भविष्य निर्वाह निधीतून. आणि तीन? दोघांनी एकमेकांकडे पाहिले. तीन लाख एका पतपेढीतून, चौदा टक्क्यांनी, पाच वर्षांसाठी. त्याचा हप्ता सुमारे सात हजार. तो जमेस धरला तर एकोणपन्नासाचे अठ्ठावन्न टक्के होतात आणि अर्ज मर्यादेबाहेर पडतो. पतपेढीची नोंद बँकेला दिसणार नाही, असे त्याला कोणी तरी सांगितले होते. ‘काका, सगळेच असे करतात,’ तो म्हणाला.

सगळेच करतात हे खरे आहे. मी ते कसे जाणतो ते पुढे सांगेन. आधी या प्रमाणाविषयी थोडे लिहिणे अगत्याचे आहे. कारण आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी तरुण कुटुंबे आज या एका आकड्यापुढे उभी आहेत, आणि तो आकडा काय सांगतो व काय सांगत नाही हे त्यांना क्वचितच कोणी समजावून देते.

महिन्याच्या सर्व कर्जहप्त्यांची बेरीज करावी, तिला महिन्याच्या उत्पन्नाने भागावे. जे येते ते प्रमाण. भागाकार चौथीतल्या मुलालाही जमेल. अडचण आहे ती अंश आणि छेद ठरविण्यात. उत्पन्न कोणते धरायचे? कपातीपूर्वीचे की हातात पडणारे? अमेरिकेत कर वजा करण्यापूर्वीचे धरण्याची रीत आहे. आपल्याकडे निरनिराळ्या बँकांची निरनिराळी तऱ्हा. ओव्हरटाइम धरायचा का? पत्नीचे वेतन धरायचे का? सूनबाई एका खाजगी रुग्णालयात परिचारिका आहे. 78,000 मधले 30,000 तिचे. दोघांच्या लग्नाला तीन वर्षे झाली आहेत. बाळंतपणाची सव्वीस आठवड्यांची पगारी रजा कायद्याने मिळते, हे खरे. पण त्यानंतर मूल सांभाळायला घरात कोणी नाही म्हणून तिला वर्षभर घरी राहावे लागले, तर उरलेल्या 48,000 मधून 38,313 द्यायचे. म्हणजे ऐंशी टक्के. पतपेढीचे सात हजार निराळेच. एखाद्या घरात मूल केव्हा यावे हे अशा रीतीने वीस वर्षांच्या करारात कोणाच्याही नकळत लिहिले जाते. बँकेच्या अर्जात त्यासाठी रकाना नाही, आणि नसावाच. पण नवराबायकोने तो आपल्या मनात आखून घ्यायला हवा.

दुसरे असे की प्रमाण सारखे असले तरी उरणारे सारखे नसते. तीन लाख मिळविणाऱ्याने निम्मे बँकेला दिले तरी दीड लाख उरतात. तीस हजारवाल्याने निम्मे दिले तर पंधरा हजारांत तांदूळ, मासळी, शाळेची फी, रेल्वेचा पास आणि आईचे रक्तदाबाचे औषध. म्हणूनच शहाण्या बँका लहान उत्पन्नाला लहान टक्केवारी लावतात. अनुवाद ग्रंथाच्या चोविसाव्या अध्यायात कर्जासाठी कोणाचे जाते गहाण घेऊ नये अशी आज्ञा आहे, कारण जाते घेणे म्हणजे त्या माणसाचे जीवनच गहाण घेणे. उत्पन्नाचाही एक भाग असा जात्यासारखा असतो. तो किती, हे टक्क्यांत सांगता येत नाही. घरातल्या माणसांना मात्र ते नेमके ठाऊक असते.

तिसरी गोष्ट व्याजदराची. आजची बहुतेक गृहकर्जे बदलत्या दराची आहेत. मे 2020 पासून दोन वर्षे रिझर्व्ह बँकेचा रेपो दर चार टक्के होता. तो मे 2022 पासून चढत गेला आणि फेब्रुवारी 2023 मध्ये साडेसहावर पोहोचला. सात टक्क्यांनी चाळीस लाख घेतलेल्याचा हप्ता सुमारे 31,000 होता. दर साडेनऊ झाल्यावर, ज्याचे मुद्दल अजून जवळजवळ सारेच शिल्लक होते, त्याला एका महिन्याचे नुसते व्याजच 31,000 च्या वर जाऊ लागले. हप्ता भरूनही कर्ज तसूभर उतरेना. हप्ता तोच ठेवून मुदत वाढविण्याची पद्धत असल्याने कित्येकांना हे फार उशिरा कळले. ऑगस्ट 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेने फर्मावले, की हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारले पाहिजे. 2025 मध्ये दर पुन्हा उतरले. परंतु वीस वर्षांत असे चढउतार किती येतील हे कोण सांगणार? अर्जातले एकोणपन्नास टक्के हे केवळ त्या एका दिवसाचे छायाचित्र आहे.

लूकच्या शुभवर्तमानात बुरूज बांधू पाहणाऱ्या माणसाचा दाखला आहे. आधी बसून खर्चाचा हिशेब न केल्याने त्याचा पाया घालून होतो, आणि पुढचे काम पुरे न करता आल्यामुळे लोक त्याला हसतात. प्रवचनात आपण तो अनेकदा ऐकतो. दाखला शिष्यत्वाच्या किमतीविषयी आहे, इमारतीविषयी नाही. पण त्यातला व्यवहार पक्का आहे. हिशेब मांडायला प्रभू सांगतो तो त्या माणसालाच. आज आपण बसत नाही. बँकेचा अधिकारी आपल्या वतीने बसतो आणि ‘तुम्हाला इतके मिळू शकते’ असे सांगतो. ‘मिळू शकते’ याचा अर्थ आपण ‘परवडते’ असा घेतो. बँकेचा प्रश्न असतो, आमचे पैसे परत येतील का? तो रास्त प्रश्न आहे, पण तो तिचा आहे. आपला प्रश्न वेगळा आहे, आणि तो आपल्याखेरीज कोणी विचारणार नाही.

अर्थात बँकेने तरी आपला प्रश्न प्रामाणिकपणे विचारावा. 2008 च्या आधी काही वर्षे अमेरिकेत अर्जदाराने सांगितलेले उत्पन्न न पडताळताच घरांवर कर्जे दिली जात होती. घेणाऱ्याला ठाऊक होते, देणाऱ्यालाही ठाऊक होते. कर्जे लगोलग पुढे विकली जात असल्याने कोणालाच फिकीर नव्हती. त्या कोसळण्यानंतर 2010 च्या कायद्याने परतफेडीची ऐपत तपासणे हे धनकोचे कर्तव्य ठरविले. 2014 पासून काही काळ एका प्रमुख कर्जवर्गासाठी 43 टक्के ही रेषा तेथे आखली गेली होती. रेषा पुढे बदलली, कर्तव्य राहिले. म्हणजे अर्जातला खोटा आकडा हा एकट्या गरजू माणसाचा अपराध असतोच असे नाही. पण माझ्या पुतण्याच्या बाबतीत बँकेने विचारले होते. लपविले होते त्याने.

आणि त्यात मी सामील व्हायचे होते. करार कायदा 1872 चा. त्याच्या 128 व्या कलमाप्रमाणे, करारात निराळे ठरले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी ऋणकोच्या जबाबदारीइतकीच असते. आधी त्याच्याकडे मागा, मग माझ्याकडे या, असे सांगण्याचा हक्क मला राहत नाही. एका पिढीपूर्वी हे निराळ्या प्रकारे चाले. वसईतल्या कॅथलिकांनी 1918 मध्ये जी पतसंस्था स्थापन केली आणि जी आज बसीन कॅथलिक बँक म्हणून नांदते आहे, तिच्यासारख्या संस्था गावाच्या ओळखीवर उभ्या राहिल्या. अर्जदाराची वाडी, त्याची विहीर, त्याच्या घरातली दुखणी ही सारी मंडळींना ठाऊक. त्या ओळखीत पक्षपातही असे, आणि चहाडीही. तो काळ सोन्याचा होता असे मी म्हणणार नाही. आकडा पक्षपात करीत नाही. मात्र त्याला जे सांगावे तेच तो सांगतो.

आता माझे सांगतो.

1994 मध्ये मी हे घर घेतले. एक लाख वीस हजारांचे कर्ज, चौदा टक्के, पंधरा वर्षे. हप्ता सोळाशेच्या आसपास. पगार हातात पडे तो चार हजारांहून थोडा कमी. चाळीस हजार कमी पडत होते, ते थोरल्या भावाने दिले. वाडीतली विहीर खोल करण्यासाठी त्याने ते बाजूस ठेवले होते. कागद नाही, व्याज नाही, मुदत नाही. ‘होतील तेव्हा दे,’ एवढेच तो म्हणाला. माझ्याही अर्जात ‘इतर देणी’ हा रकाना होता. मीही तेथे निरंक लिहिले.

त्या वेळी मनाला टोचले नाही. भावाचे पैसे म्हणजे काय कर्ज? आज उमगते, की त्या एका शब्दाने मी बँकेला फारसे फसविले नव्हते. बँकेचा प्रत्येक हप्ता मी तारखेला भरला. एकही चुकविला नाही, याचा मला अभिमान वाटे. फसला तो भाऊ. पगारातून आधी बँक, मग विमा, मग किराणा, मग मुलांच्या शाळा, आणि उरले तर तो. उरत नसे. ज्याच्याजवळ कागद होता त्याला त्याचे वेळेवर मिळाले. ज्याच्याजवळ केवळ माझा शब्द होता तो अकरा वर्षे थांबला. मधल्या काळात विहिरीचे पाणी मचूळ झाले, केळीची बाग गेली. विहीर खोल केली असती तर ती वाचली असती का, ठाऊक नाही. 2005 मध्ये मी त्याचे चाळीस हजार परत केले, तेवढेच, मोजून. त्याने ते न मोजता खिशात घातले. 1994 चे चाळीस हजार आणि 2005 चे चाळीस हजार यांतला फरक मला कळत होता आणि त्यालाही कळत होता. आम्ही दोघांनी चहा घेतला.

हे प्रमाण मर्यादेत बसविण्याची जी खटपट आपण करतो, तिचा भार नेहमी असा सरकतो. तो नाहीसा होत नाही. जो नोटीस पाठवू शकत नाही त्याच्यावर जाऊन बसतो : आईबाप, भाऊ, मामा, गळ्यातले काढून देणारी पत्नी, न जन्मलेले मूल. पतपेढीचे तीन लाख लपविले, म्हणून तिचा हप्ता का थांबणार आहे? तो सूनबाईच्या रात्रपाळ्यांतून निघणार. मत्तयच्या शुभवर्तमानात प्रभूने शिकविलेल्या प्रार्थनेत, जेथे आपण अपराधांची क्षमा मागतो, तेथे मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ देणी असा आहे. रोज तोंडी असलेल्या त्या ओळीकडे मी कधी हिशेबाच्या वहीसारखे पाहिले नव्हते.

पुतण्याला मी हे सांगितले. त्याच भावाचा तो मुलगा. चाळीस हजारांची गोष्ट त्याला अर्धवट ठाऊक होती. तो बराच वेळ गप्प बसला. मग त्याने जो प्रश्न विचारला त्याची माझी तयारी नव्हती. ‘काका, तेव्हा तुम्ही खरे लिहिले असते तर?’

‘तर हे घर मिळाले नसते,’ मी म्हणालो.

तो हसला नाही, पण सूनबाईने भिंतीकडे, खिडकीकडे, माझ्या नातवंडांच्या तसबिरींकडे पाहिले. मला याहून चांगले उत्तर तेव्हा सुचले नाही, आणि अजूनही सुचलेले नाही. ज्या छपराखाली बसून मी त्यांना खरे लिहायला सांगत होतो, ते छप्पर मी खोटे लिहून मिळविले होते. खरे लिहिल्याने नुकसान होत नाही असे मी त्यांना सांगू शकलो नाही; ते होते, आणि या भागातल्या आजच्या किमती पाहता मोठे होते. एवढेच म्हणालो, की हे नुकसान त्यांनी स्वतः सोसायचे की दुसऱ्या कोणावर टाकायचे, ते त्यांनी दोघांनी मिळून ठरवावे, आणि सूनबाईला बोलू द्यावे.

पंधरा दिवसांनी नवा अर्ज आला. ‘इतर देणी’च्या रकान्यात पतपेढीची रक्कम आणि हप्ता लिहिला होता. मी सही केली. बँकेने हिशेब केला : पन्नास टक्क्यांचे 39,000, त्यातून 10,600 वजा, उरलेल्या 28,400 च्या हप्त्यात साडेबत्तीस लाख बसतात. चाळीस नाहीत. पन्नास लाखांचे ते घर त्यांनी सोडले, बयाण्याच्या रकमेतले थोडे गमावले. आता आधी पतपेढीचे फेडून मग अर्ज करावा असे सूनबाईचे मत आहे; तोवर किमती वाढतील असे पुतण्याचे. दोघेही आपापल्या परीने बरोबर आहेत. भाऊ मधूनमधून विचारतो, पोरांचे घराचे कुठवर आले? मी म्हणतो, बघताहेत.